फ्लॉपीतला ‘ठ’ पाऊण का दिसतो?

फ्लॉपीवर अक्षरं नसतात. आकडेही नसतात. संगणक म्हटलं की आपण ज्या शून्य-एकचा जप सुरू करतो, ते शून्य-एकही तिथे सरळ मांडलेले नसतात. तिथे असतो प्लॅस्टिकच्या पातळ चकतीवरचा तपकिरी लेप, आणि त्या लेपातल्या चुंबकत्वाची दिशा जागोजागी पालटलेली असते. बस, एवढंच. चकती फिरत असताना एका पालटापासून पुढच्या पालटापर्यंत जो वेळ जातो तो फक्त तीन प्रकारचा असतो. सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातले दोन, तीन किंवा चार. चौथा प्रकारच नाही. एखाद्या दिवाळी अंकाचा अख्खा मजकूर, संपादकीयासकट, या तीन अंतरांत मावलेला असतो. आणि पंचवीस-तीस वर्षांनी, ज्याला फ्लॉपीसाठी फटही नाही अशा लॅपटॉपवर, तो पुन्हा वाचता येतो!

आमच्या गुरुग्रामच्या घरी पुण्याहून सामान आलं तेव्हा त्यात फ्लॉप्यांचा एक खोका होता. खोक्यावर पत्ता ‘गुडगाव’ असाच. सरकारने २०१६ मध्ये नाव बदललं, पण बोलताना आम्ही मराठी मंडळी अजून गुडगावच म्हणतो. सासरे एका छोट्या नियतकालिकाचं काम घरून बघायचे, त्यांच्या या फ्लॉप्या. एकीवर बॉलपेनने लिहिलं होतं ‘दि. अं. ९७ फायनल’, आणि दुसरीवर ‘९७ फायनल (हीच घ्या)’. संपादकाच्या आयुष्यातली सगळी वादळं त्या कंसात आहेत. पण आत काय आहे हे कसं कळणार?

त्याआधी या भागाबद्दल थोडं सांगायलाच हवं. आज दिल्लीच्या आसपास फ्लॉपी हा शब्द उच्चारला तर तरुण दुकानदार दयेने बघतो. पण फ्लॉप्या एकेकाळी इथेच बनत. मोझर बेअर ही कंपनी १९८३ मध्ये दिल्लीत सुरू झाली ती वेळ नोंदवणारी यंत्रं बनवायला. १९८८ मध्ये ती सव्वापाच इंची फ्लॉप्यांकडे वळली, १९९३ पर्यंत साडेतीन इंची फ्लॉप्या बनवायला लागली, मग सीडी आणि डीव्हीडी. नोएडाच्या बाजूला तिचे कारखाने होते. २०१८ मध्ये कंपनी अवसायनात निघाली. म्हणजे ज्या वस्तूसाठी आज नेहरू प्लेस या दिल्लीच्या संगणक बाजारात गाळ्यागाळ्यात विचारत फिरावं लागतं, ती यमुनेपलीकडे लाखांनी तयार होत होती.

यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मात्र अजून मिळतो, आणि स्वस्तात. लॅपटॉपला जोडला की पहिला चमत्कार लगेच दिसतो. विंडोज अजिबात न गोंधळता ‘ए’ नावाचा ड्राइव्ह दाखवतं. तुमच्या संगणकातली मुख्य डिस्क ‘सी’पासून का सुरू होते, असा प्रश्न कधी पडलाय? कारण ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन अक्षरं फ्लॉपीसाठी राखून ठेवली होती, आणि ते आरक्षण अजून कुणी काढलेलं नाही. जपान सरकारने फ्लॉपीतूनच अर्ज मागणारे आपले हजारावर नियम २०२४ मध्ये रद्द केले. लिनक्समधला फ्लॉपी चालवणारा भाग २०१९ मध्ये लिनक्सकर्त्या लिनस टोरवाल्ड्सने ‘वाली नसलेला’ म्हणून नोंदवून टाकला, कारण चालू स्थितीतला ड्राइव्ह मिळणंच अवघड झालं होतं. सोनीने २०११ मध्येच विक्री थांबवली होती. तरी ‘ए’ आपला दाराशी उभा आहे.

फ्लॉपी आत घालायच्या आधी एक काम करायचं. तिच्या कोपऱ्यात एक चौकोनी खिडकी असते आणि खिडकीत सरकणारी पट्टी. पट्टी अशी सरकवायची की खिडकीतून आरपार दिसलं पाहिजे. मग ड्राइव्ह त्या फ्लॉपीवर काही लिहू शकत नाही, फक्त वाचतो. समोरच्या कोपऱ्यातली दुसरी खिडकी कायमची उघडी असते. ही १.४४ एमबीची फ्लॉपी आहे, जुनी ७२० केबीची नाही, हे ड्राइव्हला तीच सांगते. दोन भोकं, दोन निरोप. त्यासाठी ना चिप लागली, ना वीज.

आता पत्र्याची झडप बोटाने हळूच सरकवा आणि आत बघा, पण चकतीला हात लावू नका. दोन्ही बाजूंना मऊ, न विणलेल्या कापडाचं अस्तर दिसेल. चकती फिरते तेव्हा हे अस्तर तिची धूळ पुसत राहतं, म्हणजे फ्लॉपी वाचता वाचता स्वतःला झाडून घेते! त्याची गरजही असते. हार्ड डिस्कमध्ये वाचणारं हेड पृष्ठभागाच्या किंचित वर तरंगतं, फ्लॉपीत ते चक्क चकतीला टेकलेलं असतं आणि घासत घासत वाचतं. म्हणून पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यांत कपाटात राहिलेल्या फ्लॉपीवर पांढुरके ठिपके दिसले, तर ती ड्राइव्हमध्ये घालायची नाही. ती बुरशी असते. हेड तिला खरवडतं, स्वतः बरबटतं, आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे काढतं. अशी फ्लॉपी बाजूला ठेवायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने जपून साफ केल्यावरच पुढचा विचार करायचा.

चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पाच. प्रत्येक बाजूला ८० वर्तुळाकार ट्रॅक असतात, एका मिलिमीटरच्या रुंदीत पाच. सर्वात बाहेरच्या ट्रॅकवर हेडखालून सेकंदाला सव्वा मीटर लेप सरकतो, सर्वात आतल्यावर पाऊण मीटरच्या थोडा वर. फेऱ्याला लागणारा वेळ मात्र दोन्हीकडे सारखाच. म्हणून जेवढा मजकूर बाहेर ऐसपैस बसतो तेवढाच आत दाटीवाटीने बसवावा लागतो. आतल्या ट्रॅकवर दोन पालटांमधलं सर्वात लहान अंतर दीड मायक्रॉनच्या आसपास भरतं. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे पंचवीस-तीस पालट सहज मावतील. हे सगळं घरगुती ड्राइव्हमधल्या छोट्या मोटरवर, टेबल हलत असताना, शेजारी चहाचा कप ठेवून चालायचं!

पण अंतरं तीनच का? समजा एक लिहायचा तर पालट करायचा आणि शून्य लिहायचं तर काहीच नाही, असा साधा नियम ठेवला. मग सलग पन्नास शून्यं आली की पन्नास आहेत का एकावन्न, हे कसं मोजणार? मोटर किंचित हळू झाली की हिशोब चुकला. म्हणून असा नियम केला की लांब शांतता पडूच द्यायची नाही. एकाला पालट मिळतोच, पण शून्याशेजारी शून्य आलं तर त्यांच्या सीमेवरही एक पालट घालायचा. त्यामुळे काहीही लिहा, पालटांमध्ये दोन, तीन किंवा चार मायक्रोसेकंदांचीच अंतरं पडतात. सम सुटू नये म्हणून तबलजीने ठेक्यात अधेमधे हलकी थाप ठेवावी, तशी ही सीमेवरची थाप. तिच्यात मजकूर नसतो, पण तिच्यामुळे वाचणाऱ्याची लय सुटत नाही.

आता मला या सगळ्यात सर्वात आवडणारी गोष्ट. प्रत्येक ट्रॅकचे १८ तुकडे असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. अखंड फिरणाऱ्या चकतीवर हेड कुठेतरी मधेच उतरतं. सेक्टर नेमका कुठे सुरू झाला हे त्याला कसं कळावं? खुणेसाठी एखादं ‘अक्षर’ ठरवलं, तर तेच अक्षर कुणाच्या लेखातही येऊ शकेल. मग अशी कोणती खूण निवडाल, जी जगातल्या कुठल्याही मजकुरात कधीही येणार नाही? ज्यांनी हे रचलं त्यांनी नियम मोडणारी खूण निवडली. चार, तीन, चार, तीन. यातलं प्रत्येक अंतर एकेकटं कायदेशीर आहे, पण ‘चार-तीन-चार’ हा क्रम आपल्या नियमाने लिहिलेल्या मजकुरात येऊच शकत नाही. चारचं अंतर फक्त ‘एक-शून्य-एक’ लिहिताना पडतं. त्यापुढे तीन आलं की आपण सीमेवरच्या थापेवर पोचतो, आणि तिथून चार मोजणं नियमाला मान्य नाही. ही जाणूनबुजून केलेली चूक लागोपाठ तीनदा वाजते, आणि ड्राइव्ह सावध होतो: आता पत्ता येणार. लगेच येतो कितवा ट्रॅक, कुठली बाजू, कितवा सेक्टर. मग पुन्हा तीच खूण आणि ५१२ बाइट मजकूर. शेवटी त्या मजकुरावरून गणित करून काढलेले दोन बाइट. वाचताना ड्राइव्ह तेच गणित पुन्हा करतो. उत्तर जुळलं तर ठीक. नाही जुळलं, तर ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ हा प्रश्न ज्यांनी रात्री दोन वाजता पडद्यावर पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

दोन बाजू, ८० ट्रॅक, १८ सेक्टर, ५१२ बाइट. गुणाकार करा, १४,७४,५६० येतात. याला १.४४ एमबी म्हणायचं कसं? हजाराच्या हिशोबाने १.४७ होतात, १०२४ च्या हिशोबाने १.४१. खरं म्हणजे कुणीतरी १४४० केबी लिहिले, त्यात केबी १०२४ बाइटचे धरले, आणि एमबी करताना मात्र हजाराने भागलं. जगभरच्या अब्जावधी लेबलांवर छापलेला हा आकडा कुठल्याच पद्धतीने बरोबर नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही.

सेक्टर वाचता आले म्हणजे फाइल सापडली असं मात्र नाही. २,८८० सेक्टरांचे सुटे तुकडे हातात आले, त्यातले कुठले तुकडे कुठल्या लेखाचे? पहिला सेक्टर फ्लॉपीची ओळख सांगतो. त्यानंतर नऊ सेक्टरांचा एक तक्ता असतो, आणि लगोलग त्याच तक्त्याची दुसरी प्रत, एक बिघडली तर असावी म्हणून. मग १४ सेक्टरांची फाइलींची यादी, तिच्यात २२४ नोंदी मावतात. यादी म्हणते, ‘संपादकीय तुकडा क्रमांक अमुकपासून सुरू होतं.’ पुढचा तुकडा कुठला, ते तक्त्याच्या त्या घरात लिहिलेलं. त्याच्या पुढचा कुठला, ते त्या पुढच्या घरात. अशी साखळी शेवटच्या तुकड्यापर्यंत जाते. तक्त्यातलं एक घर किती मोठं, माहितीय? बारा बिट, म्हणजे दीड बाइट! जागा वाचवायला दोन घरं तीन बाइटमध्ये जोडून बसवलेली असतात.

तारखेसाठीही अशीच काटकसर केली. वेळेला एकूण दोन बाइट, त्यात सेकंदांच्या वाट्याला पाच बिट. पाच बिटांत शून्य ते एकतीसच आकडे मावतात आणि मिनिटात तर साठ सेकंद. मग सेकंद दोन-दोनच्या जोड्यांनी मोजायचं ठरलं. म्हणून खोक्यातल्या प्रत्येक फाइलीवर शेवटच्या सेव्हची जी वेळ नोंदलेली आहे, तिचे सेकंद सम आहेत. विषम सेकंदाला कुठलीही फाइल सेव्ह झाली नाही, निदान फ्लॉपीच्या लेखी.

आणि पुसलेल्या फाइलींचं काय होतं? यादीतल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर खोडून तिथे २२९ हा आकडा ठेवला जातो आणि तक्त्यातली साखळी मोकळी केली जाते. मजकूर जिथल्या तिथे! यादीत सुरुवातीच्या तुकड्याचा क्रमांक आणि फाइलीची लांबीही शाबूत राहते. फाइल सलग तुकड्यांत लिहिलेली असेल आणि तिच्या जागी नंतर काही लिहिलं गेलं नसेल, तर ती जशीच्या तशी उठून बसते. या २२९ मुळे जपानी लोकांची पंचाईत झाली होती, कारण त्यांच्या लिपीत हा आकडा नावाच्या सुरुवातीला खरोखर येऊ शकतो. शेवटी त्यांच्यासाठी तिथे ५ हा आकडा लिहायची पळवाट काढावी लागली. हा २२९ लक्षात ठेवा, मराठीत तो पुन्हा भेटणार आहे.

आता कामाची शिस्त. फ्लॉपीतली फाइल थेट उघडायची नाही. आधी पूर्ण चकतीची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, लॅपटॉपवर घ्यायची आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करायचं. ‘डीडीरेस्क्यू’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम यात फार शहाणपणाने वागतो. बिघडलेला सेक्टर आला की तो तिथे डोकं आपटत बसत नाही. पुढे जातो, चांगलं ते सगळं आधी उचलतो, कुठे अडलं याची नोंद ठेवतो आणि मग हट्टी जागांकडे परत येतो. म्हाताऱ्या फ्लॉपीच्या बाबतीत हे बरोबरच आहे. पुढच्या फेऱ्याला लेप टिकेल का, कुणी सांगावं? सगळं पहिल्या झटक्यात वाचलं तर यांत्रिकदृष्ट्या बत्तीस सेकंद पुरतात (१६० फेरे, सेकंदाला पाच), प्रत्यक्षात मिनिटभर किंवा थोडं जास्त लागतं. तो खर्रर्र-टक्-खर्रर्र आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून मुलं विचारतात, काय मोडलं?

यूएसबी ड्राइव्हला मात्र एक मर्यादा आहे. आत काय वाजलं ते तो सांगत नाही, फक्त ‘सेक्टर मिळाला’ किंवा ‘नाही मिळाला’ एवढंच कळवतो. अ‍ॅपलच्या जुन्या ८०० केबीच्या फ्लॉप्या तर त्याला झेपतच नाहीत, कारण त्या यंत्रांत बाहेरच्या ट्रॅकवर मोटर हळू आणि आतल्या ट्रॅकवर जलद फिरायची. मॅकवर अंक जुळवणाऱ्यांच्या फ्लॉप्या इथेच अडतात. मग काय? मग ‘ग्रीझवीझल’ किंवा ‘क्रायोफ्लक्स’ नावाचा हाताच्या पंजापेक्षा लहान सर्किट बोर्ड घ्यायचा आणि जुन्या पीसीतला, रुंद चपट्या केबलचा ड्राइव्ह त्याला जोडायचा. हा बोर्ड सेक्टर, फाइल असलं काही जाणत नाही. तो फक्त प्रत्येक पालट कधी आला ते टिपत जातो, सेकंदाचे कोट्यवधी भाग करून. म्हणजे बोल ओळखायचे नंतर, आधी वादनाचं ध्वनिमुद्रण. एकच ट्रॅक पाच-दहा फेरे ऐकायचा, आणि एका फेऱ्यात दोन वाटलेलं अंतर बाकीच्या फेऱ्यांत तीन निघालं, तर तीन धरायचं. ज्या सेक्टरवर ड्राइव्हने हात टेकले होते, तो कधी कधी अशा बहुमताने सुटतो. ज्यांना हा खटाटोप नको आणि ऐवज मोलाचा आहे, त्यांच्यासाठी हा धंदा करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यातली स्टेलर ही १९९३ ची कंपनी इथे गुरुग्राममध्येच आहे.

तर फाइल मिळाली. डबल क्लिक. पडद्यावर काय आलं?

डोक्यावर तिरपे फटकारे, टिंबं, टोप्या मिरवणारी युरोपी अक्षरं, मधेच पौंडाची खूण, मधेच ‘पाऊण’. इंग्रजी पत्रव्यवहार केलेल्या माणसाचं काम इथे संपलेलं असतं, त्याची फाइल उघडते. मराठी माणसाचं काम इथे सुरू होतं. चुंबकाशी झगडून बाइट शंभर टक्के अचूक मिळाले, दोन बाइटांचं गणितही जुळलं, आणि तरीही एक अक्षर वाचता येत नाही! फाइल बिघडलेली नाही. हरवलाय तो करार, कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हा.

असा एक करार सरकारमान्य होता. त्याचं नाव ‘इस्की’, भारतीय मानक ब्युरोने तो १९९१ मध्ये प्रमाण केला. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानातून तो कार्यालयांत पोचला. इस्कीत ‘मराठी’ हा शब्द पाच बाइटांत बसतो: २०४, २०७, २१८, १९०, २२०. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. हेच पाच आकडे युरोपी करारानुसार वाचले तर चौथ्या ठिकाणी, १९० वर, कोण बसलंय? पाऊण! अपूर्णांकातला तीन-चतुर्थांश. तर ‘ठ’ पाऊण दिसतो तो असा. आणि तो २२९? इस्कीत तो आहे ‘ओ’ची मात्रा. फ्लॉपीच्या यादीत फाइल मेल्याची खूण, आणि मराठी मजकुरात ‘घोडा’ आणि ‘मोर’ यांच्या डोक्यावर बसलेली मात्रा. दोघांचा संबंध काही नाही. एकच आकडा, दोन करार.

इस्कीची रचना इतकी सुंदर होती की देवनागरीच्या कुळातल्या भारतीय लिप्यांना एकच आकडे होते. लिपी फक्त बदलायची, त्याच बाइटांमधून गुजराती किंवा बंगाली अक्षरं उगवत. आज जगभर चालणाऱ्या ‘युनिकोड’ या कराराने १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी घेतली ती इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच. म्हणून इस्कीतून युनिकोडमध्ये जाणं अगदी सोपं, जवळजवळ एका अक्षराला एक. फक्त जागा जास्त लागते. आज फोनवरून ‘मराठी’ पाठवता तेव्हा त्याचे पंधरा बाइट होतात. फ्लॉपीच्या जमान्यात ही चैन परवडली नसती.

पण खोक्यातल्या सगळ्याच फाइलींना इस्कीत असण्याचं भाग्य कुठलं! अंक जुळवणारे श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरांवर काम करत, आणि फाइलीत अक्षर साठवलं जात नसे, अक्षराचं चित्र साठवलं जाई. कसं, ते आमच्या या उत्तरेतल्या सर्वपरिचित ‘कृतिदेव’ फाँटवर दाखवते. इथल्या कचेऱ्यांबाहेरच्या टायपिंगवाल्यांच्या बोटांत तो आजही आहे. त्यात ‘भ’ हे एक अक्षर नाही, अर्धा भ् आणि मग एक दंड, असे दोन तुकडे आहेत, टाइपरायटरवर पडायचे तसे. अर्धा भ् म्हणजे फाइलीत इंग्रजी कॅपिटल ‘एच’, दंड म्हणजे ‘के’. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. फाइलीत ते ‘एफ, डी’. ‘धर्म’ म्हणजे स्लॅश, के, ई, झेड. शेवटचा कॅपिटल झेड हा रफार, कारण तो ‘म’च्या डोक्यावर दिसतो, तेव्हा त्याच्यानंतर टाइप होतो. संगणकाच्या दृष्टीने ही सगळी निरर्थक इंग्रजी आहे. अर्थ राहतो फक्त फाँटमध्ये, आणि फाँट पंचवीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच यंत्रावर राहून गेलेला. शिवाय तेव्हाच्या बऱ्याच मराठी सॉफ्टवेअरांना प्रिंटरच्या पोर्टला लावायचं कुलूप असे. ते कुलूप आज सापडलं तरी लावायला पोर्ट नाही.

मग उलटा प्रवास करायचा. ज्याला ज्या फाँटचा तक्ता माहीत आहे, त्याने चित्रांच्या जागी अक्षरं घालायची. यासाठी कन्व्हर्टर असतात आणि ते काम झटक्यात करतात. पण त्यांच्या पोटात काय चालतं ते बघण्यासारखं आहे. आधी मोठे तुकडे ओळखायचे, मग लहान, नाहीतर ‘भ’चा दंड सुटा पडून भलतीकडे काना होतो. मग वेलांटीला उचलून तिच्या अक्षराच्या पलीकडे ठेवायचं, कारण युनिकोडमध्ये क्रम डोळ्यांचा नाही, उच्चाराचा आहे. आधी क, मग वेलांटी. रफाराची वाट उलटी, तो मागून पुढे येतो. ‘म’ ओलांडून त्याच्याआधी, कारण ‘धर्म’ म्हणताना र आधी उच्चारतो.

वेलांटीने किती उडी मारायची? ‘कि’मध्ये एक अक्षर. पण ‘स्थिती’मध्ये तिला स आणि थ हे अख्खं जोडाक्षर ओलांडायचंय. आळशी कन्व्हर्टरने एकच अक्षराची उडी मारली की ‘सि्थती’ तयार होते. जुन्या मजकुरात ‘परिसि्थती’ तुम्ही नक्की पाहिली असेल आणि टायपिस्टला बोल लावला असेल. त्या बिचाऱ्याने बरोबरच टाइप केलं होतं, उडी चुकली ती यंत्राची.

ही उडी आता आपल्याला दिसतही नाही, याचं श्रेय युनिकोडचं, पडद्यावर ती वेलांटी पुन्हा डावीकडे नेणाऱ्या सॉफ्टवेअरचं, आणि त्याला साथ देणाऱ्या नव्या फाँटांचंही. विंडोज २००० बरोबर जगभर पोचलेला ‘मंगल’ हा त्यातला सुरुवातीचा. तो घडवला र. कृ. जोशी यांनी. मराठीतले कवी, अक्षरकलेचे आचार्य आणि आयआयटी मुंबईत शिकवणारे प्राध्यापक. दिल्लीच्या सरकारी कचेऱ्यांतली बरीच हिंदी टिपणं ज्या वळणात दिसतात, ते वळण एका मराठी माणसाच्या हातचं आहे.

कन्व्हर्टरने काम संपवलं की शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम लावून मोकळं व्हावंसं वाटतं. पण त्याच्या हातून निसटणारी एक जागा खास मराठीची आहे. हिंदीसाठी घडवलेल्या तक्त्याला आपला ऱ्य ठाऊक नसतो. तो त्याचाही रफार करून टाकतो. खोक्यातल्या एका लेखात लग्नघरातली पहाट होती, आणि रूपांतरानंतर वाक्य झालं: ‘आचार्यांनी पहाटेच चुलाणं पेटवलं.’ तपासनीस प्रोग्रॅमला यात काहीच खटकत नाही, आचार्यही शब्दकोशात आहेत. ऱ्य बरोबर आला तरी युनिकोडमध्ये तो लिहायच्या दोन रीती आहेत. एक नुक्त्याच्या ऱ ने, दुसरी साध्या र पुढे एक अदृश्य जोडखूण घालून. दिसायला जुळे, आकडे वेगळे, म्हणून एका रीतीने शोधलं तर दुसरीतला शब्द सापडत नाही.

तेव्हा शेवटचं काम माणसाचंच. पूर्ण फाइलीत ‘र्य’ शोधायचा आणि एकेका जागी थांबायचं. सूर्य, कार्य, धैर्य तसेच राहू द्यायचे. वार्यावर, कोपर्यात, आचार्यांनी हे दुरुस्त करायचे. आणि ‘दर्या’ आला की वाक्य सह्याद्रीतलं आहे की रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं, हे मागेपुढे वाचून ठरवायचं.